राखाडी स्वेटरातला माणूस

कुमुदकाकू गेल्या त्याच्या दोन दिवस आधी त्यांनी मला सांगितलं, की काकांचा स्वेटर घातलेला तो माणूस खाली बागेत आला होता. संध्याकाळी ऑफिसातून परतताना मी नेहमीसारखी दुसऱ्या मजल्यावर त्यांच्याकडे डोकावले होते. त्या बाल्कनीच्या काचेपाशी खुर्चीत बसल्या होत्या, गुडघ्यांवर शाल, आणि आवाज इतका बारीक झालेला की वाकून ऐकावं लागे. "बाकावर बसला होता गं... बराच वेळ. कोपर अजून शाबूत आहे. कुणीतरी नीट धुतंय त्याला." मी म्हणाले, "हो का? बरं झालं." मग त्यांच्या पाठीमागची उशी सारखी केली, त्यांना दिवसभर सांभाळणाऱ्या बबिताला औषधाची आठवण करून दिली आणि वर माझ्या घरी गेले. काकांना जाऊन तेव्हा अकरा वर्षं झाली होती. आणि तो स्वेटर ती अकरा वर्षं माझ्या कपाटात होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी बबिताचाच फोन आला. मी मेट्रोत होते. "दीदी, आंटी उठ नहीं रहीं," एवढंच ती म्हणाली आणि मला कळलं. पुढच्या स्टेशनला उतरले, पलीकडच्या फलाटावर जाऊन परतीची गाडी पकडली. सीट रिकामी होती तरी उभीच राहिले. रडू आलं नाही. डोक्यात एकच वाक्य फिरत होतं आणि ते इथे लिहायची लाज वाटते आहे, पण लिहिते. मला वाटलं, सुटले. आता सांगायला नको. यमुना ओलांडून गाडी या काठाला आली तेव्हा त्या विचाराचा अर्थ नीट ध्यानात आला आणि मग मात्र मी दांड्याला धरून खाली बसले. शेजारच्या बाईंनी पाण्याची बाटली पुढे केली.

आमची ओळख एका बाहीने करून दिली होती. मी मूळची ठाण्याची. लग्न होऊन मयूर विहारच्या या सोसायटीत आले तेव्हा माझ्याजवळ एकच स्वेटर होता, तोही शाळेच्या सहलीसाठी घेतलेला. लोकर ही काही सांभाळायची वस्तू असते हे आमच्या खानदानात कुणाला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. आमच्याकडे अंगातलं काढलं की ते धुवायला, पारोसं कपाटात जात नाही. त्यामुळे पहिल्याच डिसेंबरात मी नवऱ्याचा, श्रीकांतचा, बारीक लोकरीचा स्वेटर रोजच्या रोज सुती शर्टासारखा धुऊन, पिळून, दोरीवर टांगू लागले. आठवड्याभरात दारावरची बेल वाजली. दारात पांढऱ्याशुभ्र केसांच्या, ठेंगण्या बाई उभ्या. "वरून एक बाही माझ्या बाल्कनीपर्यंत आली आहे. ती तुझी का?" मी वाकून बघितलं. पाण्याच्या भाराने एक बाही लांबून खरोखरच खालच्या मजल्याच्या कठड्याला टेकली होती. "माकडाला घालायचा असला तर चांगला आहे," त्या म्हणाल्या आणि विचारल्याशिवाय आत आल्या. त्या दिवसापासून पुढची पंधरा वर्षं मी त्यांची विद्यार्थिनी होते. ढ, पण चिकट.

काकू सांगलीच्या. एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन दिल्लीच्या सरकारी क्वार्टरात आल्या आणि तिथे शेजारच्या बीजींनी, म्हणजे एका पंजाबी आजीबाईंनी, त्यांना हिवाळा शिकवला. हा शब्द काकूंचाच. बीजींनी त्यांच्या हातात सुया दिल्या आणि लोकरीचे सगळे नियमही दिले. मार्च लागला की काकूंच्या घरी त्याचा सोहळा असे. आदल्या संध्याकाळी रिठे भिजत पडायचे. सकाळी ते कुस्करून पाणी गाळायचं, बादलीत नळाचं गार पाणी, आणि त्यात एका वेळी एकच स्वेटर. त्याआधी तो जुन्या वर्तमानपत्रावर पसरून भोवतीने पेन्सिल फिरवायची, म्हणजे वाळवताना त्याचं मूळ माप हरवत नाही. घासायचं नाही, पिळायचं नाही, नुसतं दाबायचं आणि सोडायचं. पाण्यातून काढताना तान्ह्या बाळाच्या मानेखाली घालतो तसा हात घालून सबंधच्या सबंध उचलायचा. टॉवेलात गुंडाळून वरून तळव्यांनी दाबायचं. मग खाटेवर, सावलीत, त्या पेन्सिलीच्या रेघेत बसेल असा हलक्या बोटांनी सरकवत पसरायचा आणि दोन दिवस त्याच्याकडे बघायचं नाही. पुढे कडुनिंबाचा वाळलेला पाला, चार लवंगा, जुन्या धोतराचं मऊ फडकं आणि ट्रंक. डांबराच्या गोळ्यांना त्यांच्या घरात मज्जाव होता. "त्याने लोकरीला दवाखान्याचा वास येतो," असं त्यांचं मत.

मला सगळ्यांत जड जाई ते गार पाणी. दिल्लीत मार्चच्या पहिल्या आठवड्यातही नळाचं पाणी हाडात शिरतं. मी गुपचूप गीझरचं मगभर गरम पाणी बादलीत ओतलं की काकूंना वाफेवरून कळे. "लोकर म्हणजे केस आहेत बाई. उकळत्या पाण्यात डोकं घालशील का तू? मग? आपल्या हाताला बरं वाटावं म्हणून दुसऱ्याचा जीव घ्यायचा नाही." त्यांचे स्वतःचे हात लालबुंद झालेले असत, बोटांची पेरं सुजलेली. मी हसायचे, पाणी ओतून द्यायचे, पुन्हा गार पाणी भरायचे.

काका उंच होते. सहा फुटांना जरासेच कमी, आणि त्यांच्या शेजारी काकू उभ्या राहिल्या की त्यांना बोलायला वाकावं लागे. कमी बोलणारा, खात्यात फायली वाचून वाचून पाठीला किंचित पोक आलेला माणूस. त्यांच्यासाठी काकूंनी एकच स्वेटर असा विणला होता की ज्याबद्दल त्या फुशारकी मारत. राखाडी, अगदी बारीक लोकरीचा, बारा नंबरच्या सुयांवर दोन हिवाळे खपून विणलेला. मुठीत मावेल इतका पातळ आणि तरी जानेवारीत वरून कोट लागू नये असा. डावं कोपर पुढे टेबलावर टेकून टेकून विरलं, तेव्हा त्यांनी ते रफू केलं, पण तीच छटा मिळेना, म्हणून तिथे राखाडीच्या जरा पुढची, निळसर चौकट आली. बावीस वर्षं तो स्वेटर त्यांनी स्वतःच्या हाताने धुतला. माझ्यावर इतका विश्वास बसल्यानंतरही त्या मला त्याला हात लावू देत नसत. "बाकी सगळे तू घे. हे मी बघते." 'हे' म्हणजे स्वेटर की काका, हे मी त्यांना कधी विचारलं नाही.

काका जानेवारीत गेले. तीन दिवसांचं दुखणं, आणि दवाखान्यात जायच्या संध्याकाळपर्यंत तो स्वेटर त्यांच्या अंगात होता. घर पाहुण्यांनी भरलं. काकूंची मुलगी अंजू पुण्याहून आली, सांगलीहून काकूंच्या नणंदबाई आल्या. काकू आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलेल्या. सुतक संपलं त्या दिवशी, आपल्याकडची रीत म्हणून, घरातलं सगळं धुऊन काढायचं ठरलं आणि ते काम मी अंगावर घेतलं. मला दुसरं काही येत नव्हतं. चादरी, अभ्रे, पडदे, सतरंज्या, दाराच्या खुंट्यांवर जे जे लटकत होतं ते. नणंदबाई सारख्या म्हणत होत्या, "सगळं काढ, काही ठेवू नकोस." बाहेर धुकं इतकं की समोरची इमारत दिसत नव्हती. माझे हात बधिर झाले होते. मी गीझर लावला, वाफाळतं पाणी बादलीत सोडलं, पावडर टाकली आणि ढिगातला पुढचा गठ्ठा न बघता आत कोंबला. हात कोपरापर्यंत त्या पाण्यात गेले तेव्हा किती बरं वाटलं ते मला आजही आठवतं. तो सुखाचा क्षण मी विसरू शकत नाही. मी चांगली पाच मिनिटं ते कपडे चोळत होते, दोन चादरींच्या मध्ये.

बाहेर काढल्यावर आधी कळलंच नाही की ते काय आहे. सहा वर्षांच्या मुलाला होईल एवढा, घोंगडीच्या तुकड्यासारखा जाड, ताठ. विणीचा एकही टाका दिसत नव्हता. फक्त डाव्या बाहीवर, लहान होऊन गेलेली, निळसर चौकट होती.

पंधरा वर्षं शिकवलं होतं त्यांनी मला. नव्या आलेल्या एखाद्या सुनेने केलं असतं तर गोष्ट वेगळी. मी ओला गोळा टॉवेलात गुंडाळला, वर माझ्या घरी नेला, आणि खाली येऊन उरलेल्या चादरी धुतल्या. चार दिवसांनी काकू पहिल्यांदा उठून बसल्या, सगळ्या खुंट्या बघितल्या आणि मला हाक मारली. "विद्या, ह्यांचा राखाडी दिसत नाही गं." तेराव्याला काकांचे कपडे वाटले होते हे सगळ्यांना माहीत होतं. मी म्हणाले, "वाटण्यात गेला असेल, काकू." "कुणाला दिला?" त्यांनी विचारलं. 'माहीत नाही' एवढं म्हणून मी थांबले असते तरी चाललं असतं. पण मला त्यांचा चेहरा बघवेना, काहीतरी द्यावंसं वाटलं, आणि मी म्हणाले, "देवळापाशी एक माणूस होता... उंचसा." "उंच? मग त्याला बरा बसेल," त्या म्हणाल्या आणि पंधरा दिवसांत पहिल्यांदा चहा मागितला.

असा तो माणूस जन्माला आला. मीच आणला त्याला.

पुढच्या हिवाळ्यात काकू बाहेर पडू लागल्या. आधी कोपऱ्यावरच्या भाजीवाल्यापर्यंत, मग देवळापर्यंत, मग रिक्षा करून आठवडी बाजारात. सगळे म्हणायचे, काकू सावरल्या. मला ठाऊक होतं त्या कशाला जातात. चालता चालता त्या पुरुषांच्या कोपरांकडे बघायच्या. गेटवरचा गार्ड, रिक्षावाले, शेंगदाण्याच्या गाडीपाशी शेकत बसलेले लोक, सगळ्यांच्या डाव्या कोपराकडे. परत आल्या की मला रिपोर्ट. "आज एक होता राखाडी, पण कंपनीचा. विणीवरून कळतं ना." मधूनच माझी उलटतपासणीही होई. दाढी होती का गं त्याला? वयाने केवढा? चप्पल होती पायात? आणि मी उत्तरं देत गेले. दाढी होती, थोडी. पन्नाशीचा असेल. एकदा खोटं बोललं की नंतर फक्त तपशील भरायचे असतात आणि मी त्यात तरबेज झाले. कधी कधी ऑफिसात बसल्या बसल्या मला तो डोळ्यांसमोर स्पष्ट दिसे, देवळाच्या पायरीशी, दोन्ही हातांनी स्वेटर घेताना.

एका जानेवारीत आमच्या मराठी मंडळाच्या बसने आम्ही काला अंबला गेलो होतो. पानिपतचं ते मैदान त्या सकाळी धुक्यात बुडालेलं. महाराष्ट्रातून आलेली माणसं स्मारकापाशी गर्दी करून होती, घोषणा चालू होत्या. मी प्रसादाच्या पुड्या वाटत होते, वळून बघते तर काकू नाहीत. मैदानाच्या कडेने, झाडांच्या दिशेला, त्यांची तपकिरी शाल धुक्यात चाललेली दिसली. मी धावले. त्यांना गाठलं तेव्हा त्या झाडाखाली उभ्या होत्या, धापा टाकत, आणि समोर कुणी नव्हतं. "आत्ता इथे होता. पाठमोरा. अगदी हे वाटले मला... तसाच पोक." त्या माझा हात धरून उभ्या राहिल्या. "मी हाक मारली, पण काय म्हणून मारणार? ह्यांचं नाव मी कधी घेतलेलं नाही." मग त्या हसल्या. मला त्या क्षणी सांगायचं होतं. तोंड उघडलंही होतं. पण त्या वर्षात मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं, आणि तेवढ्यात बसचा हॉर्न वाजला. परतीच्या वाटेवर त्या माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपल्या. मी खिडकीबाहेर बघत होते आणि खरं सांगायचं तर झाडांच्या मागे मीही कुणाला तरी शोधत होते.

मी तो स्वेटर टाकून का दिला नाही, असं श्रीकांतने मला अनेकदा विचारलं. घरात हे त्याला एकट्यालाच ठाऊक होतं. टाकणार कुठे? कचऱ्याच्या गाडीत? मी तो रीतसर पाला-लवंगा घालून, फडक्यात गुंडाळून, साड्यांच्या कपाटात खालच्या खणात ठेवला होता. आणि तीन वर्षांपूर्वीच्या मार्चमध्ये काकूंनी तो शोधून काढला. म्हणजे झालं असं, की त्यांचे हात तोवर थरथरू लागले होते, धुणं मी करायचे आणि त्या माझ्या घरी येऊन, खाटेपाशी बसून, माझ्यावर देखरेख करायच्या. मी बाल्कनीत बादलीपाशी होते. आत येऊन बघते तर त्या फडकं हवं म्हणून कपाटापाशी ओणव्या झालेल्या, आणि हात त्या गाठोड्यावर. "यात काय गं?" माझ्या तोंडून निघालं, "श्रीकांतच्या भाच्याचा आहे, लहानपणचा." काकूंनी गाठोडं उघडलं नाही. वरूनच दोन बोटांनी दाबून बघितलं, जशी त्या दुकानात लोकर बघत. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. मग म्हणाल्या, "आटलाय पार. गरम पाण्यात घातला असेल कुणीतरी." गाठोड्यावर हात फिरवला, खण लोटला आणि म्हणाल्या, "चल, तो निळा उचल आता, जास्त वेळ नको पाण्यात."

त्या बोटांना डोळे मिटून लोकर ओळखता येत होती. हा माझा भास नाही, मी स्वतः बघितलं आहे. त्या दिवसापासून मी वाट बघत राहिले की त्या काही बोलतील. बोलल्या नाहीत. पुढच्या हिवाळ्यात त्यांना तो माणूस मेट्रो स्टेशनच्या जिन्यात दिसला, त्याच्या पुढच्या हिवाळ्यात बाल्कनीतून, आणि या शेवटच्या हिवाळ्यात तो रोजच खाली बागेत येऊ लागला. त्यांना कळलं होतं का? कळूनही त्या मला त्याची खुशाली सांगत राहिल्या का, आणि माझ्यासाठी की स्वतःसाठी? की खरंच काही कळलं नाही, आणि ते थरथरते हात मला वाटतात तेवढे शहाणे राहिले नव्हते? मी दोन्ही बाजूंनी विचार करून थकले आहे. आता विचारायला कुणी नाही.

दिवस झाल्यावर अंजू घर आवरायला थांबली. लहानपणापासून इथेच वाढलेली, आता तीस वर्षं पुण्यात, पण खोकी बांधणाऱ्या माणसांशी बोलू लागली की तिची हिंदी अस्सल दिल्लीची होते. एका सकाळी आम्ही दोघी काकूंच्या ट्रंकेपाशी बसलो होतो. एकेक स्वेटर बाहेर येत होता, पाल्याचा कडवट वास येत होता. मी म्हणाले, "हे मी सगळे धुऊन देते, मग कुणाला द्यायचे ते ठरव." अंजू म्हणाली, "या वेळी जरा विचारून दे यार. बाबांचा तो राखाडी असाच कुणाच्या तरी हातात गेला आणि आई जन्मभर रस्त्यावर शोधत फिरली." ती रागाने म्हणाली नाही, सहज म्हणाली. पण मला पुढचा स्वेटर उचलता येईना. मी उठले, वर जाऊन ते गाठोडं आणलं आणि तिच्या मांडीवर ठेवलं.

तिने ते सोडलं. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, गीझरपासून देवळापाशी उभ्या केलेल्या माणसापर्यंत. अंजू ऐकताना त्या आटलेल्या बाहीत बोटं घालायचा प्रयत्न करत होती. तीन बोटं जेमतेम गेली, मग पुढे जाईनात. निळसर चौकटीवरून ती अंगठा फिरवत राहिली.

"आई दर रविवारी फोनवर सांगायची," ती म्हणाली. "दिसला, नाही दिसला. मी पण विचारायची, कसा आहे तो? थकलाय का? थंडीत बाहेर झोपत नाही ना?" तिने चौकटीवरचा अंगठा उचलला. "मला वाटायचं, बाबांचं काहीतरी अजून दिल्लीत फिरतंय... म्हणजे कुणी नव्हतंच?"

"नव्हतं," मी म्हणाले.

"तिला नाही सांगितलंस. मग मला कशाला सांगितलंस?"

याचं उत्तर माझ्याजवळ होतं, पण ते देण्यासारखं नव्हतं. मला हलकं व्हायचं होतं, एवढंच. अकरा वर्षं जे मी काकूंना सोसू दिलं नाही ते मी त्यांच्या मुलीच्या मांडीवर आणून टाकलं होतं. पुन्हा एकदा माझ्याच हातांना बरं वाटावं म्हणून. अंजूने स्वेटरची घडी घातली, तो फडक्यात नीट गुंडाळला, गाठ मारली आणि माझ्याकडे दिला. "मला नको. तुझ्याकडेच राहू दे." त्यानंतर दुपारपर्यंत आम्ही काम करत होतो आणि बोललो ते फक्त सुतळी, कात्री, मार्कर एवढंच.

ती निघाली त्या दिवशी मी तिला विमानतळावर सोडायला गेले. ती नको म्हणाली नाही, ये असंही म्हणाली नाही. फेब्रुवारी संपत आला होता, तरी सकाळी अजून गारठा होता आणि रस्त्यावरच्या लोकांच्या अंगात स्वेटर होते. टॅक्सीत आम्ही मागे दोन टोकांना बसलो होतो, मध्ये तिची पर्स. सराय काले खांच्या पुढे सिग्नलला गाडी थांबली. डाव्या हाताला चहाची टपरी होती, भोवती पाच-सहा माणसं, आणि त्यांच्यात एक उंच माणूस पाठमोरा उभा होता. अंगात राखाडी स्वेटर. पाठीला जरासा पोक. तो ग्लास उजव्या हातात धरून उभा होता आणि डावा हात कुणाशी तरी बोलताना हलत होता, पण कोपर गाडीकडे येत नव्हतं. मी अंजूकडे बघितलं नाही. ती हळूच काचेकडे सरकली, काच खाली केली आणि मान बाहेर काढली. मीही पर्सवरून पलीकडे वाकले. तिचा खांदा माझ्या खांद्याला लागला आणि तिने तो काढून घेतला नाही. सिग्नल हिरवा झाला, मागच्या गाड्या हॉर्न वाजवू लागल्या. "चलें, मैडम?" ड्रायव्हरने आरशातून विचारलं.

"एक मिनट, भैया," अंजू म्हणाली. "उनको मुड़ने दो."